जीवदया वेळेवर हवी



जीवंधरकुमारांनी मरणासन्न श्वानास णमोकार मंत्र ऐकविला, ही कथा आपणांस परिचित आहे. आज मंत्राच्या जोडीला वैद्यकही आहे. घरच्या लाडक्या श्वानाचे पोट अकस्मात फुगले, उलटीचा उमाळा येऊनही काही पडेना, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहणे घातक. शस्त्रक्रिया काही तासांतच व्हावी लागते. जवळच्या पशुवैद्यांस तत्काळ गाठावे. आपल्या लातूर जिल्ह्यात उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. शल्यवैद्याच्या हाती शस्त्र असले तरी भाव रक्षणाचा असतो. ती हिंसा नव्हे. मन भयाने व्याकूळ होणारच. तरीही मुखी मंत्र असावा आणि पाऊल दवाखान्याकडे वळावे. मुक्या जीवाची वेदना वेळीच ओळखणे, हीच खरी जीवदया.

जय जिनेंद्र!