वाळवंटातली जोडी
भाईंदर पूर्वेच्या दमट हवेत सायकल चालवली की घाम अंगावरून निथळतो. वाळवंटात तो लगेच वाळतो आणि शरीरातलं पाणी, मीठ किती गेलं ते कळतच नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अशा वाळवंटातूनही जाणारी सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत! सुरुवातीलाच कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोनातलं जूनमधलं वाळवंट. एक भाऊ सायकलवर, तेव्हा दुसरा विश्रांतीला. रात्री मागून येणाऱ्या मदतनीसांच्या गाडीच्या दिव्यांचा उजेड. मला मदतनीसांचं विशेष कौतुक वाटतं. दमलेल्या स्वाराला तहानही नीट उमगत नाही, तेव्हा पाणी, क्षार आणि खाण्याच्या वेळा तेच सांभाळतात. गटाने लांब निघणार असाल, तर पाण्याची नोंद ठेवणारा माणूस आधी ठरवा.