ख्रिस्ती मित्राचं ऐकताना

(नंदुरबार इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'आंतरधर्मीय संवाद'. अशा कार्यक्रमात काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. स्टेजवर एक मौलाना, एक फादर, एक महाराज. शाल, श्रीफळ, 'सगळे धर्म एकच शिकवतात' आणि शेवटी चहा. मी त्यापेक्षा जरा अडचणीचा प्रश्न घेतो. एखाद्या ख्रिस्ती माणसाला आपली श्रद्धा मुसलमानाला सांगायची असेल, तर त्याच्या वाटेत काय काय येतं? आणि त्यातलं किती आपण आणून ठेवलेलं असतं?

तुम्ही म्हणाल, ही अडचण त्यांची, आपल्याला काय त्याचं. मीही बरीच वर्षं असंच म्हणत होतो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला माझा रूममेट नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचा होता. मावची आदिवासी, ख्रिस्ती. रमजानमध्ये सहेरीला मला तोच उठवायचा, कारण माझ्या अलार्मनं मी सोडून सगळा मजला जागा व्हायचा. एका रात्री लाइट गेली होती, आम्ही गच्चीवर पडलो होतो. तो म्हणाला, "तुला राग येणार नसेल तर प्रभू येशूबद्दल एक सांगू का?"

मी तयारच होतो. तेव्हा हॉस्टेलमध्ये मुनाझऱ्याचे व्हिडिओ पेनड्राइव्हवरून फिरायचे. मी त्यातले सगळे प्रश्न ओळीनं टाकले. देवाला मुलगा कसा असेल? तीन मिळून एक कसा होतो? चार इंजील का? त्या एकमेकींशी जुळत का नाहीत? तो म्हणाला, "बरं," आणि कूस बदलून झोपला. पुढे दीड वर्ष आम्ही एकाच खोलीत राहिलो. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र ही गोष्ट जिंकल्याची म्हणून दहा ठिकाणी सांगितली.

जुलै २०२५ मध्ये विधानसभेत नवापूर तालुक्यातल्या चर्चचा मुद्दा निघाला. अनधिकृत चर्च पाडू, असं महसूलमंत्र्यांनी सांगितलं. मी पुण्यात ऑफिसात बसून बातमी वाचली आणि बऱ्याच वर्षांनी त्याला फोन लावला. त्यांच्या पाड्यावरची प्रार्थनेची जागा म्हणजे चुलत्याच्या शेतातली पत्र्याची शेड आहे. ती राहील की जाईल, त्याला सांगता येत नव्हतं. बोलता बोलता मी त्या रात्रीचं काढलं. तो हसला. म्हणाला, "मला वाद नव्हता घालायचा रे. बापाची दारू कशी सुटली ते सांगायचं होतं."

मित्रांनो, मला कळलेली पहिली अडचण ही. आपल्या भागात जे ख्रिस्ती झाले, त्यांतल्या बहुतेकांची श्रद्धा वादातून आलेली नाही. घरातलं आजारपण, मोहाची दारू, एखाद्या बाईला डाकीण ठरवतील ही भीती, आणि मग कुणीतरी येऊन डोक्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना. ते याला 'साक्ष' म्हणतात. आपल्याकडे शब्द आहे शहादत, अर्थ तोच. (जिल्ह्यात शहादा नावाचं गाव असताना कोटी करायचा मोह होतो, आवरतो.) ते साक्ष द्यायला येतात आणि आपण त्यांची उलटतपासणी घेतो.

भाषेची अडचण वेगळी. मराठी ख्रिस्ती माणूस म्हणतो प्रभू, तारण, पवित्र आत्मा, देवाचा पुत्र. हे शब्द मराठीत आधीपासून दुसऱ्या घरचे, त्यामुळे आपल्या कानाला ते लगेच परके लागतात. आपण म्हणतो हजरत ईसा, बीबी मरियम, जिब्राईल. दोघं एकाच व्यक्तीबद्दल बोलत असतात आणि दोघांनाही ते उमगत नाही. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली फाइल युनिकोडमध्ये उघडली की पडद्यावर सगळा कचरा दिसतो. मजकूर खराब नसतो, वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसतो.

म्हणजे सगळा फरक फॉन्टचाच आहे, असं मी म्हणत नाही. ईसा अलैहिस्सलाम पैगंबर की देवाचा पुत्र, त्यांना सुळावर चढवलं की नाही, इथे दोन्ही धर्म खरोखर वेगळे होतात. चहा पिऊन तो फरक मिटत नाही आणि तो मिटवायची गरजही नाही. पण आधी समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकलं तर फरक नेमका कुठे आहे ते तरी कळेल.

यावर ऐकू येणारा आक्षेप म्हणजे, "हे लोक शाळा-दवाखाने काढतात, ते आमिष असतं." चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांतल्या बाळंतपणांची, सर्पदंशांची तिथे सोय झाली आहे. नंदुरबारच्या एस. ए. मिशन शाळेत आपलीही मुलं शिकली. माझी फुफी तिथेच शिकली, आणि आजही पहाटे तिचं कुराण पठण चुकत नाही. आता अक्कलकुव्याकडे बघा. मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये तिथे जामिया उभं केलं. आज मदरशाबरोबर फार्मसी आहे, पॉलिटेक्निक आहे. आपण त्याला खिदमत म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मग चिंचपाड्याच्या डॉक्टरनं दिलेलं इंजेक्शन तेवढं आमिष कसं? कुठे पैसे देऊन, फसवून कुणाचा धर्म बदलला असेल तर ते वाईटच, कुणीही केलं तरी. पण नुसत्या संशयावर सेवेला गुन्हा ठरवायला लागलो, तर ते माप उद्या आपल्यालाही लागेल.

लागलंही आहे. उत्तर प्रदेशातल्या धर्मांतराच्या प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये लखनौच्या विशेष न्यायालयानं मौलाना कलीम सिद्दीकी आणि उमर गौतम यांच्यासह बारा जणांना जन्मठेप दिली. ज्याला आपण दावत म्हणतो, त्याच कामाचा खटला. आपल्या राज्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये असा कायदा सुचवण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ बराच आवळला. प्रचार करता येईल, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात नाही, असं ठरलं. म्हणून नवापूरच्या शेडची बातमी वाचून आपल्यातला कुणी 'बरं झालं' म्हणतो, तेव्हा मला त्याची कीव येते. तो बसला आहे ती फांदीही त्याच झाडाची आहे.

आता जे बोलायला मी कचरतो, ते. समजा आपल्या घरातल्या कुणी ते ऐकलं आणि त्याला ते पटलं, तर? ख्रिस्ती माणसाला हे माहीत असतं. म्हणून तो आपल्याशी बोलताना आवाज खाली आणतो. त्याला स्वतःपेक्षा ऐकणाऱ्याची भीती जास्त असते. घर सुटेल, लग्न मोडेल, मयत कोणत्या कब्रस्तानात न्यायची यावर भांडण होईल. कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे गेला होता. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असं १८५० सालच्या कायद्यानं ठरवलं होतं. पण कागदावर हिस्सा असणं वेगळं आणि ईदच्या दिवशी दार उघडं असणं वेगळं.

आपल्याच इतिहासातलं एक प्रकरण इथे आठवतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातल्या काही मुस्लीम बायकांनी इस्लाम सोडल्याचं जाहीर केलं, काही मिशनऱ्यांकडे गेल्या. कारण येशू नव्हता. नवरा छळायचा किंवा बेपत्ता असायचा, आणि हनफी फिक़्हप्रमाणे तिथे बाईला सुटका जवळजवळ मिळत नव्हती. धर्म सोडला की निकाह तुटतो, एवढी एकच खिडकी उघडी होती. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी नुसता मिशनऱ्यांवर राग काढला नाही. त्यांनी मालिकी फिक़्हचा आधार घेऊन बाईच्या सुटकेचा मार्ग दाखवणारं पुस्तक लिहिलं, आणि पुढे १९३९ चा मुस्लीम विवाह विच्छेद कायदा झाला. आपल्या बहिणी आज त्या कायद्याखाली कोर्टात जातात. 'मिशनरी पळवून नेतात' या ओरडीच्या जागी थानवींनी विचारलं, आपल्या बायका का जात आहेत? हा प्रश्न नंदुरबारच्या मोहल्ल्यातही विचारता येईल.

आणि ऐकून घेणं आपल्याला परकं आहे असं कोण म्हणतं? मक्केत छळ झाला तेव्हा आपले पहिले मुसलमान कुठे गेले? हबशाच्या ख्रिस्ती बादशहाकडे, नजाशीकडे. मक्केचे दूत नजराणे घेऊन मागोमाग पोहोचले, यांना आमच्या ताब्यात द्या म्हणाले. नजाशीनं आधी निर्वासितांना बोलावून विचारलं, तुमचं म्हणणं काय? हजरत जाफर यांनी सूरह मरियममधला भाग त्याला ऐकवला. ईसा अलैहिस्सलामबद्दल आपण काय मानतो तेही दडवलं नाही, त्याच्याच दरबारात. रिवायतीत येतं की नजाशीचे डोळे भरून आले आणि दूतांना त्यानं नजराण्यासकट परत पाठवलं. त्या दिवशी जाफर यांच्या हाती सत्ता नव्हती, संख्याही नव्हती. ऐकणारा होता, म्हणून ते वाचले. माझ्या रूममेटला त्या रात्री गच्चीवर एवढंच हवं होतं.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. शेड अजून उभी होती. अंगणात खाटेवर त्याचे वडील बसले होते. ते मावचीत बोलत होते, तो मराठीत सांगत होता, आणि मधूनच त्यांना अहिराणी सुचायची तेव्हा मला थेट समजायचं. किती वर्षं प्यायले, कोणती जमीन गहाण पडली, बायकोला मारलं, ते सगळं त्यांनी सांगितलं. मग एका पावसाळ्यात पास्टर रोज चिखल तुडवत कसा यायचा तेही. तासभर लागला असेल. मला मध्ये दोन-तीनदा प्रश्न सुचले, ते मी गिळले.

संपल्यावर ते म्हणाले, "आता तुझं सांग."

माझ्याकडे पेनड्राइव्हमधलं सगळं अजून पाठ होतं. पण ते काही तोंडावर येईना. मग मी दादीबद्दल सांगितलं. अब्बांना टायफॉइड झाला तेव्हा ती रात्रभर जानमाजवर कशी बसून होती, आणि पहाटे ताप उतरल्यावर तिनं आधी शेजारच्या कोंबड्यांना दाणे का टाकले. ते लक्ष देऊन ऐकत होते. कोंबड्यांचं काय म्हणालास, म्हणून त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.