शिवणकामाच्या दुकानातील वरकड खर्च
(ज्ञातिमंडळाच्या परभणी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



श्रीनामदेवरायांची नरसी १ मे १९९९ पासून परभणी सोडून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेली. पण त्यांच्या कुळाची कातर व सुई अद्याप आपल्या हाती आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती राहावी, म्हणून आज आम्ही हिशेबाविषयी बोलणार आहोत. सोलापूर हे तयार गणवेशांचे मोठे केंद्र झाले आहे. तिकडचा दर ऐकला की आपला दुकानदार म्हणतो, 'आम्हांस परवडत नाही.' खरोखरच परवडत नाही काय?

कापड व शिलाईची मजुरी प्रत्येक नगावर दिसते. दुकानाचे भाडे, वीज, यंत्रांची देखभाल, माप घेणाऱ्याचा पगार हा वरकड खर्च मात्र कोणत्याच कपड्यावर शिक्का मारून येत नाही. समजा, एका दुकानात महिन्यास ४०० नग गणवेशाचे व १०० नग घरगुती गिऱ्हाइकांचे होतात आणि वरकड खर्च २०,००० रुपये येतो. रूढ रीतीने तो ५०० नगांवर वाटला की प्रत्येकी ४० रुपये पडतात. सरासरी शाळेच्या फळ्यावर शोभते. दुकानात ती एकाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवते.

रॉबिन कूपर व रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८८ च्या सुमारास हाच दोष दाखविला. एक कारखाना केवळ निळ्या लेखण्या करतो, दुसरा नाना रंगांच्या. दुसऱ्याची दगदग अधिक असूनही जुना हिशेब ती झाकतो. खर्च वस्तूमुळे नव्हे, तर तिच्यासाठी कराव्या लागणाऱ्या कृतींमुळे होतो, म्हणून आधी कृतींचा खर्च काढावा, असे त्यांचे म्हणणे.

आपल्या दुकानास ते लावून पाहू. मापे व नोंदी यांवर ६,००० रुपये जातात. शाळेची मापे गटागटाने २० वेळा, घरगुती १०० वेळा. म्हणजे एका वेळेस ५० रुपये. उसवून पुन्हा शिवण्यावर ४,००० रुपये. शाळेचे १० नग परत येतात, घरगुती ४०. प्रत्येकी ८० रुपये. उरलेले १०,००० जागा, वीज व यंत्रांचे. गणवेशांस ३०० तास व घरगुती कपड्यांस २०० तास लागतात. तासास २० रुपये. बेरीज केली की गणवेशांकडे ७,८०० व घरगुती कपड्यांकडे १२,२०० रुपये येतात. गणवेशाच्या नगास साडेएकोणीस रुपये, घरगुती नगास १२२!

म्हणजे ४० धरून आपण शाळेस साडेवीस रुपये जादा सांगतो आणि ते काम दाराशी येऊन परत जाते. ते गेले तरी भाडे काही कमी होत नाही; तो सारा भार उरलेल्या शंभर नगांवर पडतो.

यासाठी मोठे दप्तर नको. अशी मांडणी फार किचकट होते, म्हणून कॅप्लन व अँडरसन यांनी २००४ साली केवळ वेळ मोजण्याची सोपी रीत सुचविली. भिंतीवरचे घड्याळ व शाळेची वही पुरे. महिनाभर कोणत्या कामास किती मिनिटे गेली, एवढेच लिहावे.

घरगुती गिऱ्हाइकाकडून एकदम १२२ रुपये वसूल होणार नाहीत, हे आम्ही जाणतो. तेथे दर वाढविण्याआधी ते ४० परत येणारे नग पाहावेत. माप घेतानाच जुना बसता कपडा मागून घेतला आणि त्यांतले निम्मे थांबले, तर महिन्याकाठी २० नगांची उसवाउसव वाचते, आणि तो वेळ जून महिन्यातील गणवेशांस मिळतो.