हप्ता गेला, हमी कुठे?

(झाशी येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत झालेल्या मराठी भाषणाचा मजकूर)

तहाच्या कागदाची किंमत झाशीकरांना वेगळी सांगायला नको. १८१७ साली कंपनी सरकारने रामचंद्ररावांशी तह केला आणि झाशीचे राज्य त्यांच्या वारसांकडे वंशपरंपरेने राहील, असे लिहून दिले. १८५३ साली गंगाधरराव वारले. दत्तक पुत्राचा हक्क नाकारून कंपनीने १८५४ साली राज्य खालसा केले. कागद होता, सही होती. तो पाळायला लावणारे कोणी नव्हते.

शत्रुत्व धरणाऱ्या शेजाऱ्याशी करार करताना आणि त्याच्या उभारणीला पैसा देताना हीच शंका मनात येते. यासाठी १९६० साल आठवा. ११ जुलैच्या मध्यरात्री केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. मागणी महागाई भत्त्याची आणि किमान वेतनाची. सरकारने वटहुकूम काढला. पाच दिवसांत संप मागे घ्यावा लागला.

त्याच वर्षी १९ सप्टेंबरला कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सिंधू पाणीवाटप करारावर सह्या केल्या. जागतिक बँक मध्यस्थ होती. पाकिस्तानातील पर्यायी कालव्यांच्या कामांसाठी भारताने ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड, म्हणजे तेव्हाचे सुमारे ८३ कोटी रुपये, दहा वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले.

हा निव्वळ तोट्याचा सौदा होता, असे मी म्हणणार नाही. रावी, बियास, सतलज आपल्या वाट्याला आल्या; त्या पाण्यावर शेती पिकली. पण युद्ध झाल्यास हप्ता थांबेल, असे कलम त्यात नव्हते. १९६५ साली युद्ध झाले. ९ सप्टेंबरला राजस्थान सीमेवर गडरा रोडजवळ लष्कराची रसद पोहोचवणारा मार्ग चालू ठेवताना आपले १७ रेल्वे कामगार बॉम्बहल्ल्यात शहीद झाले. हप्ते मात्र चालूच राहिले.

पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो करार स्थगित ठेवला. मे महिन्यात नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे एक अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारत मतदानात तटस्थ राहिला. पैसा गेलाच.

साथींनो, लाहोरचा गँगमन आपला वैरी नाही. त्याच्या गावाला कालवा मिळाला तर आपल्याला आनंदच आहे. प्रश्न एवढाच, की पैसा कालव्याला लागला की तोफेला, हे कोण पाहणार? रेल्वेत मोजमाप वहीत नोंद झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघत नाही. मनिऑर्डर पोचली की घेणाऱ्याच्या सहीची पोच परत येई. पाचशे रुपयांना जो नियम, तो कोट्यवधींना का नको?

म्हणून आपली मागणी साधी आहे. वाटाघाटी जरूर करा. युद्धात पहिला बळी आपल्याच माणसांचा जातो. पण हप्ता कामाच्या मोजमापावर द्या, करार मोडला तर काय होईल ते आधी लिहा आणि हिशेब संसदेपुढे ठेवा. तो पैसा कामगाराच्या घामाचा आहे. गडरा रोडच्या १७ जणांची एवढी तरी आठवण ठेवा.