एडिनबरातलं एक फाटक

आज आपल्याला जरा लांब जायचंय, स्कॉटलंडच्या राजधानीत. पुस्तकात तुम्ही एडिनबर्ग असं वाचलं असेल, पण तिथली माणसं म्हणतात एडिनबरा. आमच्यातल्या एकीची लेक तिकडे शिकते, म्हणून आम्ही चौघी मिळून जाऊन आलो. तिथे काय पाहायचं, किती चालावं लागतं, हे सगळं सांगणारच आहोत. पण त्या शहरात एक फाटक आहे. घाईच्या सहलीत ते राहूनच जातं. आपल्याकडे मुली डॉक्टर झाल्या, त्या वाटेचा एक तुकडा त्या फाटकातून आलाय. तिथवर तुम्हांला नेल्याशिवाय आम्ही थांबणार नाही.

सुरुवात किल्ल्यापासून करू या. विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर हा किल्ला उभा आहे. त्याचं तिकीट आधीच काढून ठेवा, म्हणजे रांगेत वेळ जात नाही. रविवार सोडून एरवी दुपारी बरोबर एक वाजता तिथे तोफ उडते. १८६१ पासून ही रीत चालू आहे. सावध नसाल तर चांगल्याच दचकाल!

किल्ल्यावर एक लहानसं प्रार्थनामंदिर आहे, सेंट मार्गारेट चॅपल. शहरातली सगळ्यांत जुनी वास्तू हीच. बाराव्या शतकात राजा डेव्हिडने आपल्या आईच्या, राणी मार्गारेटच्या नावाने ती बांधली. आत पाचपंचवीस माणसं जेमतेम मावतील. तिथे नेहमी ताजी फुलं असतात. ती ठेवण्याचं काम मार्गारेट नावाच्या बायकांचं एक मंडळ करतं. नाव मार्गारेट असलं, की फुलांची पाळी मिळते. आपल्याकडे देवळात हारफुलांच्या पाळ्या असतात ना, तसंच की हे!

जवळच राजवाड्याच्या भागात एक छोटी खोली आहे. १९ जून १५६६ ला राणी मेरी तिथे बाळंत झाली. तो मुलगा पुढे स्कॉटलंड आणि इंग्लंड या दोन्ही देशांचा राजा झाला. एवढी मोठी राणी, पण बाळंतिणीची खोली आपल्या माजघराहूनही लहान.

किल्ल्यातून बाहेर पडलात, की पटांगणाच्या कडेला भिंतीत बसवलेलं एक छोटं कारंजं शोधा. त्याला तिकीट नाही, पाटीही ठळक नाही. नाव आहे 'विचेस वेल', म्हणजे चेटकिणींची विहीर. चेटकीण ठरवून ज्यांना मारलं, त्यांची ही आठवण. स्कॉटलंडमध्ये चेटुकविरोधी कायदा १५६३ पासून १७३६ पर्यंत होता, आणि त्यात बळी गेले त्यांत बहुतेक बायकाच होत्या. ८ मार्च २०२२ ला, महिला दिनी, तिथल्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी त्याबद्दल रीतसर माफी मागितली. भुताळी म्हणून बाईला गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपणही वाचतो. त्यामुळे त्या कारंज्यापुढे आम्ही जरा जास्तच वेळ उभ्या राहिलो.

इथून उताराने जो रस्ता निघतो, तो रॉयल माइल. वर किल्ला, खाली होलिरूडचा राजवाडा, आणि मध्ये साधारण दीड-पावणेदोन किलोमीटर फरसबंदी. दोन्ही बाजूंना अरुंद बोळ आहेत, त्यांना तिथे क्लोज म्हणतात. त्यातलाच एक मेरी किंग्ज क्लोज. पुढे त्याच्यावरच मोठी इमारत उभी राहिली आणि बोळ जमिनीखाली गेला. आज तो वाटाड्याबरोबर पाहता येतो. ही मेरी किंग सतराव्या शतकातली विधवा. पोरंबाळं सांभाळून कापडाचा व्यापार करायची. बोळाला नाव राहिलं ते तिचं!

खाली होलिरूड राजवाड्यात राणी मेरीच्या खोल्या आहेत. ९ मार्च १५६६ ला याच खोल्यांत तिच्या चिटणिसाला, रिझिओला, तिच्या डोळ्यांदेखत पकडून मारलं. मारेकऱ्यांत तिचा नवराही सामील होता, आणि ती तेव्हा पोटुशी होती. राजवाड्यामागेच आर्थर्स सीट ही २५१ मीटर उंचीची टेकडी आहे. गुडघे साथ देत असतील तरच चढा. आमच्यातल्या दोघी वर गेल्या, दोघी खाली गवतावर बसून राहिल्या. दोन्हींत सुख आहे.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालय पाहा. प्रवेश मोफत आहे. डॉली नावाची मेंढी तिथे जतन करून ठेवली आहे. मोठ्या मेंढीच्या पेशीपासून तशीच दुसरी मेंढी जन्माला घातली, ती हीच. १९९६ साली एडिनबराजवळच ती जन्मली. संग्रहालयासमोर बॉबी नावाच्या इमानी कुत्र्याचा पुतळा आहे. धन्याच्या थडग्याजवळ तो वर्षानुवर्षं बसून राहिला, अशी कथा सांगतात. पुतळ्याचा खर्च एका बाईने, अँजेला बर्डेट-कूट्स यांनी केला होता.

इथून दहा मिनिटं चाललं, की निकोल्सन स्ट्रीटवर मोठ्या खांबांची इमारत दिसते. तिचं नाव सर्जन्स हॉल. आत शस्त्रवैद्यकाचं संग्रहालय आहे, पण आधी बाहेर थांबा. आम्ही म्हणत होतो ते फाटक हेच.

१८६९ साली एडिनबरा विद्यापीठात सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणींनी वैद्यक शिकायला नाव घातलं. लवकरच त्या सात जणी झाल्या. त्यांचे वर्ग वेगळे आणि फी जास्त. त्यांच्यातली एडिथ पीची रसायनशास्त्रात इतकी वर आली, की शिष्यवृत्तीवर हक्क तिचाच होता. पण ती दिली तिच्या मागे असलेल्या मुलाला. मग १८ नोव्हेंबर १८७० ला या मुली परीक्षेला सर्जन्स हॉलकडे आल्या, तेव्हा शेकडोंचा जमाव आडवा उभा. शिव्या, चिखलफेक, आणि फाटक तोंडावर बंद! आतल्या एका भल्या विद्यार्थ्याने ते उघडलं, तेव्हा त्या आत शिरल्या आणि चिखलाच्या कपड्यांनी परीक्षेला बसल्या. गोंधळ घालायला कुणी तरी वर्गात मेंढी सोडली. शिक्षक म्हणाले, राहू दे तिला, पाठवणाऱ्यांपेक्षा तिला अक्कल जास्त आहे.

पण १८७३ साली कोर्टाने निकाल दिला, की विद्यापीठाने या मुलींना पदवी द्यायलाच नको. चार वर्षांचे कष्ट, आणि हातात काही नाही. आपण असतो तर काय केलं असतं? सोफियाने १८७४ साली लंडनमध्ये बायकांसाठी वैद्यकीय शाळा काढायला पुढाकार घेतला. एडिथने परदेशातून पदवी मिळवली आणि १८८३ साली ती आली कुठे, तर मुंबईला! कामा हॉस्पिटलची मोठी डॉक्टरीण म्हणून तिने काम केलं.

त्याच मुंबईत तेव्हा रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, आणि नांदायला जायला त्यांनी नकार दिला होता. कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. एडिथ त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि वैद्यक शिकायला तिने बळ दिलं. रखमाबाई लंडनला सोफियाच्याच पुढाकाराने निघालेल्या शाळेत शिकल्या. तोवर स्कॉटलंडच्या वैद्यक संस्थांनी बायकांना परीक्षेची दारं उघडली होती. एडिनबरा आणि ग्लासगोच्या त्या परवान्यानेच १८९४ साली रखमाबाई डॉक्टर झाल्या. आदल्याच वर्षी कोलकात्याच्या कादंबिनी गांगुलींनीही तो मिळवला होता. रखमाबाईंनी पुढे सुरत आणि राजकोटला कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले.

आणि त्या सात जणी? ६ जुलै २०१९ ला विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर पदव्या दिल्या. त्या स्वीकारल्या आजच्या सात विद्यार्थिनींनी. नाव घातल्यापासून दीडशे वर्षं झाली होती.

आता जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. छत्री नको, वाऱ्याने उलटते. टोपीचं पावसाळी जाकीट घ्या. बूट मजबूत हवेत, कारण चढ, पायऱ्या आणि ओली फरशी पावलोपावली आहे. ऑगस्टमध्ये मोठे कलामहोत्सव असतात, तेव्हा खोल्या महाग आणि गर्दी फार. शाकाहारींची उपासमार होत नाही. सकाळी ओट्सची गरम लापशी मिळते आणि तिथला प्रसिद्ध हॅगिसही बिनमांसाचा मागता येतो.

ज्यांना जाणं जमणार नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. मुंबईला गेलात, की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पायी जाण्यासारखं कामा हॉस्पिटल आहे. बाहेरून तरी नजर टाका. लेक किंवा नात बरोबर असेल, तर तिला सांगा, ज्या एडिथवर एडिनबरात चिखल फेकला, तिने इथे येऊन बायांना बरं केलं.