रचनाकाराचें स्वतःचें घर

दिव्याखालीं अंधार असावयाचाच. हें जितकें समईच्या बाबतींत खरें, तितकेंच संकेतस्थळें रचणाऱ्या कारागिराच्या बाबतींतहि खरें आहे. दहा गिऱ्हाइकांचीं स्थळें वेळेवर उभीं करून देणाऱ्या रचनाकाराचें स्वतःचें स्थळ पाहावयास जावें, तों तेथें चार वर्षांपूर्वींचें काम ‘नवें’ म्हणून मांडलेलें, दोन-तीन दुवे तुटलेले, आणि मथळ्याखालीं ‘लवकरच नव्या रूपांत’ ही पाटी! वर्ष उलटलें तरी ही पाटी पुष्कळदां हलत नाहीं. याचें कारण आळस नव्हे. गिऱ्हाइकाच्या कामाला मुदत असते, ठरलेली रक्कम असते, आणि ‘हें पुरे’ असें सांगणारा दुसरा माणूस असतो. स्वतःच्या कामांत यांपैकीं कांहींच नसतें. मागणारा तोच, देणारा तोच, आणि नापसंत करणाराहि तोच.

मग एके दिवशीं कंटाळा अनावर होतो व नव्या रूपाचा घाट घातला जातो. त्यांत पहिला हात पडतो तो रंगावर. जुनी निळी पट्टी जाऊन करडी येते, अक्षरांचें वळण बदलतें, छायाचित्र पुन्हा काढलें जातें, आणि सहा महिन्यांनीं तीच अस्वस्थता परत दाराशीं येऊन बसते. घराला रंग देणें आणि घराची फेरमांडणी करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फेरमांडणींत काय बदलावयाचें याच्याहि आधीं काय बदलूं द्यावयाचें नाहीं हें ठरवावें लागतें. या धंद्यांत ज्यांनीं नांव मिळविलें, त्यांच्या स्थळांचा इतिहास पाहिला म्हणजे हाच प्रश्न पुनःपुन्हा पुढें येतो.

अमेरिकेंतील न्यूयॉर्कचे जेफ्री झेल्डमन यांचें उदाहरण या दृष्टीनें अभ्यासण्यासारखें आहे. मूळचा त्यांचा व्यवसाय जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचा. १९९५ सालीं ‘बॅटमॅन फॉरेव्हर’ या चित्रपटाचें संकेतस्थळ तयार करणाऱ्या मंडळींत ते होते, आणि त्याच वर्षीं त्यांनीं स्वतःच्या नांवाचें स्थळ उघडलें. १९९८ सालीं ‘अ लिस्ट अपार्ट’ हें संकेतस्थळांच्या रचनेला वाहिलेलें नियतकालिक महाजालावर सुरू झालें, व १९९९ सालीं ‘हॅपी कॉग’ ही त्यांची व्यावसायिक संस्था निघाली. म्हणजे बिऱ्हाड एकीकडे, छापखाना दुसरीकडे व पेढी तिसरीकडे, अशी त्यांची वांटणी झाली. ही सोय प्रत्येकास परवडणारी नव्हे. एकट्यानें काम करणाऱ्या रचनाकाराचें स्थळ बहुधा जुन्या वाड्यासारखें असतें. रस्त्याच्या बाजूस पेढी व आंत माजघर. कामाची चौकशी करावयास आलेल्या मनुष्यास माजघरांतून वाट काढावी लागूं नये, एवढें तरी पाहिलें पाहिजे. परंतु माजघर बुजवून टाकून सगळीच पेढी करणें हाहि उपाय नव्हे. तो कां नव्हे, हें पुढें येईलच.

त्या काळची बांधणीची रीति आज पाहणाऱ्यास विचित्र वाटेल. १९९१ सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंतून टिम बर्नर्स-ली यांनीं महाजालाचीं पहिलीं पानें जगापुढें ठेविलीं, तेव्हां तीं संशोधकांच्या टिपणांसाठीं होतीं. मथळा, परिच्छेद, यादी आणि दुवा एवढ्यावर त्यांचें काम भागत असे. चित्रकारांस व जाहिरातवाल्यांस तेवढें पुरेना. आंकडे मांडण्यासाठीं निघालेले तक्ते त्यांनीं पानाच्या मांडणीसाठीं राबविले. तक्त्यांत तक्ता, त्याच्या पोटांत आणखी तक्ता, आणि मधली जागा राखावयास डोळ्यांस न दिसणारें, एका बिंदूएवढें पारदर्शक चित्र ताणून बसविलेलें! डेव्हिड सीगल यांच्या १९९६ सालच्या पुस्तकानें या विद्येचा मोठा प्रसार केला. आणि पुढच्याच वर्षीं, महाजाल आपणच बिघडविलें, अशी कबुली त्याच सीगल यांनीं लेख लिहून दिली. वास्तविक मजकूर एका जागीं व सजावटीचे नियम दुसऱ्या जागीं ठेवण्याची योजना होकोन व्युम ली यांनीं १९९४ च्या ऑक्टोबरांतच मांडली होती, व १९९६ च्या डिसेंबरांत तिला रीतसर मान्यताहि मिळाली होती. परंतु निरनिराळ्या कंपन्यांचे ब्राउझर ते नियम निरनिराळ्या तऱ्हेनें पाळीत, किंवा पाळीतच नसत. गिऱ्हाइकास हें कोण सांगणार? म्हणून तक्ते तसेच चालू राहिले.

१९९८ सालीं झेल्डमन व त्यांचे सहकारी यांनीं ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्यांकडे समान नियमांचा आग्रह धरणारी एक चळवळ उभी केली. परंतु नुसत्या आग्रहानें भागत नसतें. २००१ च्या फेब्रुवारींत त्यांनीं ‘अ लिस्ट अपार्ट’चें रूप बदललें व मांडणीचे तक्ते काढून टाकून सारी सजावट नव्या नियमांवर सोंपविली. नेटस्केपच्या १९९७ सालच्या चौथ्या आवृत्तींतून तें पान पाहणारास सजावट दिसेना. साधा, उघडा मजकूर तेवढा दिसे. धंद्याच्या दृष्टीनें हें धाडसच होतें. ज्याच्या कामाची पारख त्याच्या पानावरून व्हावयाची, त्यानें आपलेंच पान कित्येकांस विद्रूप दिसूं द्यावें! त्या अंकांतील भाषाहि जुन्या ब्राउझरांविषयीं बरीच कठोर होती. तथापि एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. वाचावयाचा मजकूर कोणापासूनहि हिरावून घेतला नव्हता. अंगरखा गेला, देह राहिला. पुढच्या वर्षीं, २००२ सालीं, डग्लस बोमन यांनीं ‘वायर्ड न्यूज’ या मोठ्या वृत्तस्थळाची फेररचना याच तत्त्वावर केली. स्वतःच्या घरीं ज्याची परीक्षा झाली, तें असें बाजारांत गेलें.

सजावट अलग झाली म्हणजे ती हवी तेव्हां बदलतां येते. पत्त्यांचें तसें नाहीं. १९९८ सालींच बर्नर्स-ली यांनीं एक टिपण लिहून पत्ते न बदलण्याविषयीं बजावलें होतें. पत्त्यांत लेखकाचें नांव, यंत्रणेचें नांव, फाइलीची जात असले तपशील घालूं नयेत, कारण आज ना उद्यां ते बदलतात व पत्ता खोटा पडतो, असें त्यांचें सांगणें. तें सर्वांनीं वाचलें आणि थोड्यांनीं पाळलें. नव्या रूपाच्या उत्साहांत रचनाकार कप्प्यांचीं नांवें बदलतो, ‘लेख’चें ‘विचार’ करतो, एक व्यवस्था टाकून दुसरी घेतो, आणि त्याच क्षणीं जगांत ठिकठिकाणीं विखुरलेले दुवे निकामी होतात. कोण्या विद्यार्थ्यानें प्रबंधाच्या तळटीपेंत दिलेला पत्ता, जुन्या गिऱ्हाइकानें मित्रास पाठविलेला पत्ता, या सर्वांस ‘४०४’, म्हणजे ‘येथें कांहीं सांपडलें नाहीं’, हें एकच कोरडें उत्तर मिळूं लागतें. घर नवें झालें, पण पाहुणे गल्लींत उभे!

यावर उपाय आहे, व तो कंटाळवाणा आहे. जुन्या प्रत्येक पत्त्याची यादी करावयाची, प्रत्येकासमोर त्याचें नवें ठिकाण लिहावयाचें, आणि जुना पत्ता कोणीं विचारल्यास ‘३०१’, म्हणजे ‘कायमचें स्थलांतर’, असें उत्तर देऊन त्यास नव्या दारीं पोंचविण्याची व्यवस्था सर्व्हरवर करावयाची. दहा वर्षें लिहिणाऱ्या मनुष्याची ही यादी शेंकड्यांनीं भरते. तें काम कोणास कौतुकानें दाखवितां येत नाहीं, म्हणून टाळलें जातें. परंतु फेरमांडणी करणाऱ्याची पारख खरोखर येथेंच होते.

परक्याच्या जागेंत राहिल्यास ही यादी करण्याचाहि अधिकार राहत नाहीं. जिओसिटीज या ठिकाणीं लक्षावधि लोकांनीं आपलीं घरें बांधलीं होतीं. १९९९ सालीं तें याहू कंपनीनें विकत घेतलें, आणि २००९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील सारी वसाहत बंद करून टाकली. स्वयंसेवकांनीं धांवपळ करून पुष्कळसा भाग उतरून घेतला म्हणून तो उरला. फार काय, महाजालाच्या पहिल्याच पानाची पहिल्या दिवसाची प्रत आज मिळत नाहीं. १९९२ सालची प्रत हातीं लागली, ती सर्ननें २०१३ सालीं मूळच्या पत्त्यावर पुन्हा उभी केली. जन्मदात्याच्या घरीं ही गत, तेथें इतरांची कथा काय?

२००८ सालीं झेल्डमन यांनींच आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलें होतें. रचनाकारांचीं स्थळें हळुहळू नुसत्या दिशादर्शक पाट्या होऊं लागलीं होतीं. छायाचित्रें एका कंपनीकडे, चार ओळींचें बोलणें दुसरीकडे, आणि मालकाच्या घरीं फक्त ‘तिकडे जा’ असें सांगणारे बाण. तेव्हांपासून ही खोड कमी झालेली नाहीं.

२००७ सालीं आयफोन आल्यावर हातांतल्या लहानशा कांचेवर वाचणारांची संख्या वाढली. एकच पान कांचेच्या रुंदीप्रमाणें आपली मांडणी बदलील, अशी पद्धति ईथन मार्कॉट यांनीं २०१० च्या मे महिन्यांत मांडली. तीहि ‘अ लिस्ट अपार्ट’मध्येंच. २०१२ सालीं झेल्डमन यांनीं स्वतःच्या स्थळावर निराळाच प्रयोग केला. बाजूचा रकाना काढून टाकला, एकच स्तंभ ठेविला, आणि अक्षरें इतकीं मोठीं केलीं कीं, कांहीं चूक तर झाली नाहीं ना, अशी विचारणा वाचकांनीं केली. चूक नव्हती, खुर्चींत मागें रेलून वाचतां यावें हा हेतु होता. गिऱ्हाइकाच्या स्थळावर असा प्रयोग करणें अयोग्य ठरलें असतें, कारण तेथें दुसऱ्याच्या पोटाचा प्रश्न असतो. माजघर राखावयाचें तें याचसाठीं.

आपल्याकडील रचनाकारांस अक्षराच्या बाबतींत एक जास्त काळजी घ्यावी लागते. रोमन लिपीसाठीं ठरविलेलें ओळींमधील अंतर देवनागरीला पुरत नाहीं; वरच्या ओळीचा उकार व खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांस भिडतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं प्रत्येक फाँटची सांकेतिक भाषा वेगळी असल्यामुळें मराठी पानें पुष्कळदां चित्र म्हणूनच चढवावीं लागत. त्या काळचीं पानें ज्यांच्यापाशीं पडून असतील, त्यांनीं नव्या रूपापूर्वीं मजकूर युनिकोडमध्यें उतरून घ्यावा. नाहींतर डोळ्यांस दिसणारें लेखन शोधणारास मात्र कधींच सांपडावयाचें नाहीं.

राहतां राहिली पेढी. कामाच्या शोधांत आलेल्या मनुष्यास तीन गोष्टी हव्या असतात: हा काय करतो, पूर्वीं कोणासाठीं काय केलें, आणि याला गांठावें कसें. काम दाखवितांना पंचवीस चित्रांची रांग लावण्यापेक्षां तीन कामांची हकीकत सांगावी. अडचण काय होती, कोणता मार्ग टाकून दिला, आणि कां. विचार करणारा मनुष्य त्या ‘कां’वरूनच ओळखूं येतो. बोमन यांनीं २००९ सालीं गूगल कंपनी सोडली, तेव्हां त्यांनीं कारणें लिहिलीं तीं आपल्या ‘स्टॉपडिझाइन’ या स्वतःच्या स्थळावर. दोन निळ्या रंगांत निवड होईना, म्हणून मधल्या ४१ छटांची चांचणी घेणाऱ्या कारभारांत रचनाकाराच्या निर्णयाला जागा उरत नाहीं, ही त्यांची तक्रार होती. ती रास्त कीं अयोग्य याविषयीं मतभेद होईल; परंतु ती बोलावयास त्यांच्यापाशीं स्वतःची ओसरी होती.

नवें रूप उघडण्याचा दिवस शक्यतों आठवड्याच्या आरंभीं धरावा. शुक्रवारीं संध्याकाळीं दार उघडून निघून जाऊं नये. त्यानंतर निदान महिनाभर सर्व्हरच्या नोंदवहींत ‘४०४’ मिळालेले पत्ते रोज सकाळीं पाहावे. यादींतून निसटलेलीं जुनीं पानें तेथें एकेक करून वर येतात, आणि त्यांचीं नवीं ठिकाणें त्याच दिवशीं लावून टाकतां येतात.