आगरकरांचं अकोला



१९१२ साली हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन मोर्णेकाठच्या या अकोल्यातच भरलं होतं. आज मला त्याहूनही जुनं अकोला आठवतं आहे.

कऱ्हाडजवळच्या टेंभूचा एक गरीब मुलगा नातेवाइकांच्या आधारानं इथं शिकायला आला. इथल्या हायस्कुलात त्याला विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे गुरू लाभले. तो इथल्याच ‘वऱ्हाड समाचार’ या वृत्तपत्रात लिहू लागला आणि १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन पुण्याला गेला. तिथं अंगावरचा एकुलता सदरा रात्री धुवायचा नि सकाळी तोच घालून कॉलेजात जायचं. हा मुलगा म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

१८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, तेव्हा पहिले संपादक आगरकरच होते. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाजनींनी शेक्सपिअरची नाटकं मराठीत आणली होती; शिष्यानं ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिलं. हा धागा मला फार मोलाचा वाटतो. टिळकांशी मतभेद झाले तेव्हा त्यांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. बालविवाह, केशवपन, जातिभेद यांवर त्यांनी इतकं रोखठोक लिहिलं, की सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. लेखणी थांबली ती १८९५ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

आगरकर म्हटलं की सगळ्यांना पुणं आठवतं. पण त्यांचं कोवळं लेखन छापायला जागा दिली ती जिल्ह्याच्या गावातल्या एका वृत्तपत्रानं. छोट्या पत्राचं मोठं काम हेच. आज आपल्या दैनिकांच्या, साप्ताहिकांच्या कचेऱ्यांत शाळा-कॉलेजातली पोरं मजकूर घेऊन येतात. त्या मजकुराचं काय होतं, हे आपण सगळे जाणतो.

म्हणून स्वागत समितीच्या वतीनं, यजमान या नात्यानं, इथं जमलेल्या पत्रकार-लेखक मित्रांकडे दोन गोष्टी मागतो. आपापल्या अंकात आठवड्यातून एक कोपरा विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी राखून ठेवा. आणि घरच्या माळ्यावर, गावच्या वाचनालयात वऱ्हाडातल्या जुन्या वृत्तपत्रांच्या फायली असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. आमच्या समितीला कळवा, आम्ही स्वतः येऊन त्यांची छायाप्रत करून घेऊ.